एकाची गाडी की दोघांची? हिंगोलीच्या वाटेवरचा एक लेकुरवाळा इतिहास

१. आजच्या धाग्याचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. घरात पहिले मूल दीड-दोन वर्षांचे आहे आणि दुसरे येऊ घातले आहे. अशा वेळी बाबागाडी एकाच मुलाची घ्यावी की दोघांची? पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या मराठी घरांत हा प्रश्न आज रोज विचारला जातो आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावीही बाबागाडी आता नवलाची उरलेली नाही. परंतु या प्रश्नाच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे: धाकटे आल्यावर मोठ्याला कोणी उचलायचे, आणि दोघांना एकदम कोणी उचलायचे? या प्रश्नाचे हिंगोलीच्या वाटांवर शतकानुशतके जे उत्तर दिले गेले, त्याचा हा इतिहास आहे. गाडीने तो सुरू होत नाही, कारण गाडी येथे फार उशिरा आली.

२. प्रथम भूगोल. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमीन बरीचशी काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिचा चिखल पायाला गोळ्यांनी चिकटतो. मूल वाहून नेण्याच्या इतिहासात ही माती गौण नाही. लहान चाकाच्या गाडीला वर्षातले चार महिने येथे वाटच नव्हती.

३. म्हणजे आपल्याकडे चाक ठाऊक नव्हते, असे मात्र नव्हे. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे सापडलेली तांब्या-कांशाची शिल्पे अनेकांनी छायाचित्रांत पाहिली असतील. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा पुरुष, शिवाय हत्ती, गेंडा, रेडा. ही शिल्पे काही हजार वर्षांपूर्वीची मानली जातात, आणि त्यांतल्या प्राण्यांच्या पायांखालीही चाके होती. दख्खनच्या कारागिराला धातूचा हत्ती चाकांवर चालवता येत होता. तरीही मुलाला चाकांवर बसवून ढकलत नेण्याची रीत येथे रुजली नाही. त्याचे कारण वाटेत आहे. नुसत्या रेट्याने चाक आपल्या त्रिज्येहून उंच अडथळा ओलांडू शकत नाही. म्हणून बैलगाडीचे चाक माणसाच्या कमरेहून उंच असते. एका मुलाच्या गाडीला तेवढे चाक लावले, तर तिला बैलच जुंपावा लागेल.

४. मराठी घरात मुलाच्या वाट्याला आलेले पहिले चाक म्हणजे पांगुळगाड्याचे. गावच्या सुताराने केलेली लाकडी तिचाकी चौकट, धरायला आडवी दांडी. त्यात मूल बसत नाही. ते उभे राहते आणि गाडा स्वतः ढकलते. हा गाडा अंगणातल्या सारवलेल्या सपाट जमिनीवर चालतो, अंगणाबाहेर नाही. त्याचा हेतू मुलाला कोठे नेणे हा नसून मुलाने लवकर चालू लागावे, म्हणजे कोणाची तरी कड मोकळी व्हावी, हा आहे. घरात दुसरा पाळणा हलण्याआधी पहिल्याचे पाय जमिनीवर यावेत, ही घाई त्या लाकडात आहे.

५. मग अंगणाबाहेर मूल कसे जाई? मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. कडेवर, खांद्यावर, पाठुंगळी, मांडीवर, झोळीत, बोटाला धरून. बाईच्या एका कडेवर मूल असे आणि दुसऱ्या कडेवर घागर किंवा कळशी. शेतात पोहोचल्यावर लुगड्याची झोळी लिंबाच्या किंवा बाभळीच्या फांदीला टांगली जाई, आणि खुरपणाऱ्या आईचे निम्मे लक्ष त्या फांदीकडे राही. कड आणि झोळी या दोन्ही युक्त्या एका मुलासाठी उत्तम. अडचण दुसऱ्यापासून सुरू होते. माणसाला दोन कडा असल्या तरी मराठवाड्यातल्या बाईची एक कड बहुधा पाण्याने आधीच अडवलेली असे.

६. या शब्दांची सर्वांत सुंदर यादी एका अभंगात आहे, आणि त्याचा धागा हिंगोलीशी जुळतो. हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि गावाचे नावच आता नर्सी नामदेव असे आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई लहान वयात नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी आली आणि तिने छोट्या नामदेवाला सांभाळले, असे परंपरा सांगते. त्याच जनाबाईच्या नावावरच्या अभंगात विठ्ठल लेकुरवाळा झाला आहे. त्याच्या अंगाखांद्यावर संतांचा मेळा आहे. कोणी खांद्यावर, कोणी मांडीवर, कोणी कडेवर, कोणाचा हात धरलेला, कोणी पुढे चालणारा, कोणी मागून येणारी, आणि नामदेव करंगळी धरून.

७. हा अभंग भक्तीचा आहे, हे खरेच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तो आणखी एका दृष्टीने वाचावा. अनेक मुले एकदम कशी न्यायची, याचा मराठीतला हा जुना आणि बारकाईचा नकाशा आहे. लहान अंगावर, मधले हाताला, मोठे पायी, आणि ज्याला थोडे चालता येते त्याला फक्त एक बोट. आजच्या गाड्यांची भाषा वापरायची तर एक बैठक, एक उभे राहण्याची फळी आणि बाकीचे चालत. हे ज्ञान कोणाकडे असेल? परक्याच्या घरी, स्वतः लहान असताना, दुसऱ्याचे मूल कडेवर घेऊन वाढलेल्या मुलीकडे. ही मुलगी लक्षात ठेवा. ती या धाग्यात पुन्हा येणार आहे.

८. आता आपल्या मनात ठसलेले एक चित्र तपासू. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या पुतळ्यांत घोड्यावरच्या राणीच्या पाठीशी लहानगे मूल बांधलेले असते. दामोदरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तक गेले तेव्हा ते सुमारे पाच वर्षांचे होते. राणीने एप्रिल १८५८ मध्ये झाशीचा किल्ला सोडला, तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे असणार. पाठीशी बांधायचे तान्हे मूल ते नव्हते. राणीच्या शौर्याला यामुळे काही उणेपणा येत नाही. शिल्पकारांनी मात्र मुलाचे वय कमी केले, कारण आपल्या कल्पनेतली वीरमाता एका तान्ह्या मुलाची असते. दोन मुले घेऊन निघालेल्या बाईचा पुतळा सहसा आढळत नाही. रस्त्यावर मात्र तीच अधिक दिसते.

९. दोघांना एकदम नेण्याची एक जुनी युक्ती म्हणजे कावड. खांद्यावर बांबू, दोन टोकांना दोन टोपल्या. श्रावणबाळाच्या कथेमुळे ती घराघरांत ठाऊक आहे, फक्त त्या कथेत मुलगा आईबापांना वाहतो. कावडीचा नियम असा की दोन्ही बाजूंचे वजन जवळपास सारखे हवे. बंजारा समाजाच्या लदेणीतही हाच न्याय होता. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या, त्यांत धान्य किंवा मीठ, आणि संसार व मुलेबाळे यांसह चालणारा तांडा. हिंगोली जिल्ह्यात आज बंजारा तांडे ठिकठिकाणी आहेत. त्यांची लदेणी एकोणिसाव्या शतकात पक्क्या रस्त्यांनी आणि आगगाडीने मोडली. ज्या रस्त्यांमुळे पुढे लहान चाकाची गाडी शक्य झाली, त्याच रस्त्यांनी बैलाच्या पाठीवरचा हा संसार संपवला.

१०. चाकांवरच्या बाळाचा उगम आता पाहू. १७३३ साली इंग्लंडमध्ये विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी बनवली. ती ढकलायची नव्हती. तिला बोकड किंवा तट्टू जुंपायचे होते. ढकलण्याची मूठ असलेल्या गाडीचे एकस्व चार्ल्स बर्टन यांनी १८५३ मध्ये घेतले. १८८९ मध्ये अमेरिकेत विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने मुलाचे तोंड ढकलणाऱ्याकडे फिरवता येईल अशी बैठक केली. या साऱ्या गाड्यांना तीन गोष्टी लागत होत्या: दगडी किंवा पक्का रस्ता, फिरायला बाग, आणि ढकलायला पगारी दाई. बाबागाडी ही आधी शहराची आणि मग मुलाची वस्तू आहे.

११. याच १८५३ साली निजाम आणि कंपनी सरकार यांच्यात तह होऊन हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्या फौजेच्या ठाण्यांपैकी हिंगोली हे एक होते आणि १९०३ पर्यंत येथे छावणी होती. हिंगोलीच्या दसरा महोत्सवाची परंपराही छावणीच्या त्या काळापर्यंत मागे जाते. अशा छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी मुले आयांच्या हाती वाढत, आणि त्या मुलांना ‘बाबा’, ‘बाबा लोग’ म्हणण्याची रीत होती. मराठीतल्या ‘बाबागाडी’ या शब्दातला बाबा म्हणजे बाप नव्हे, मूल, आणि तो त्या घरांच्या बोलीशी नेमका जुळतो. आयेच्या स्वतःच्या मुलांना त्या वेळी कोण उचलत होते, हा प्रश्न मात्र आपल्या शब्दकोशात येत नाही.

१२. तो प्रश्न कागदावर आला गिरण्यांमुळे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणगावात झालेल्या पाहण्यांत नोंद झाली की कामावर जाणाऱ्या कितीतरी आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत, म्हणजे ते दिवसभर निजून राहील. आईचे दोन्ही हात यंत्राला दिले, की बाळासाठी उरलेली सोय ही होती. पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आणली गेली. परंतु हे सारे कारखान्याच्या भिंतीच्या आत. शेताला भिंत नसते.

१३. दोन मुलांत अंतर किती असावे, हा प्रश्न मराठीत उघडपणे मांडणारे पहिल्या फळीचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले. मूल केव्हा आणि किती, हे बाईच्या प्रकृतीशी आणि इच्छेशी निगडित असावे, हा त्यांचा आग्रह. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ भरला, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दोनांहूनही कमी मुले. एकाची गाडी की दोघांची, असा प्रश्न पडायला आधी मुलांची संख्या मोजण्याइतकी आणि ठरवण्याजोगी व्हावी लागते. त्या अर्थाने बाबागाडीच्या दुकानात उभे असलेले जोडपे कर्व्यांचे ऋणी आहे.

१४. आता जनाबाईकडे, म्हणजे त्या मोठ्या मुलीकडे परत येऊ. मराठवाड्यातल्या शेतकरी आणि मजूर घरांत दुसऱ्या मुलाची गाडी म्हणजे त्याची मोठी बहीण. सहा-सात वर्षांची पोर, कमरेला धाकटा भाऊ, आणि त्याचा भार तोलताना एका बाजूला झुकलेले तिचे अंग. हे दृश्य इतके परिचित होते की त्याला कोणी श्रम म्हटले नाही. त्या श्रमाची किंमत शाळेच्या हजेरीपटावर पडे. आई कामावर जाणार, तान्हे घरी राहणार, मग मोठीने घरी राहायचे. लहान्याची सोय झाल्याशिवाय मोठीची शाळा होत नाही, हे साधे सूत्र त्या काळच्या साक्षरतेच्या आकड्यांमागे दडलेले आहे.

१५. हे सूत्र ओळखून त्यावर शाळाच उभी करणाऱ्या दोन मराठी स्त्रिया म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या पालघरमधल्या बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. पुढे १९५७ मध्ये तो कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेला. तेथील ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. शाळेत येताना मोठी मुलगी कडेवरचे तान्हे सोबत आणी, ते पाळणाघरात ठेवी, मधले बालवाडीत जाई आणि ती स्वतः वर्गात बसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही काढली. ‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाईंच्याच नावे सांगितला जातो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

१६. त्याआधी तीन वर्षे मराठवाडा दुष्काळाने होरपळला होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली, आणि मे १९७३ च्या सुमारास त्यांवर जवळपास ५० लाख मजूर होते. खडी फोडणे, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. बाया मोठ्या संख्येने कामावर होत्या, आणि सोबत त्यांची मुलेही. सुकडी आणि मिलोच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. खडीच्या ढिगाऱ्याशेजारी तान्ह्याला सावलीत धरून बसलेल्या बहिणीची आठवण कमी सांगितली जाते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायदा झाली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तर स्पष्ट तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एक स्त्री नेमावी आणि तिलाही मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, असे कायद्याने मान्य केलेला हा क्षण होता. त्याआधी ते बहिणीकडून फुकट होत होते.

१७. मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे हिंगोलीतूनही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसे जातात. या व्यवसायात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगाम संपेपर्यंत ती फेडायची. आईबाप पहाटे फडात गेले की कोपीवर तान्हे उरते. सरकारने स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहांची सोय केली, म्हणजे शाळकरी मुले मागे राहून शिकू शकतील. कल्पना योग्य होती. पण वसतिगृह शाळकरी मुलांचे. घरात दोन वर्षांचे धाकटे असेल, तर ते आईसोबतच जाणार, आणि त्याला सांभाळायला दहा वर्षांची बहीणही जाणार. कोसबाडच्या टेकडीवर जे कळले होते, ते फडावर पुन्हा कळते: दोघांपैकी एकाचीच सोय केली, तर ती कोणाचीच होत नाही.

१८. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने घडी होणाऱ्या हलक्या गाडीचे एकस्व घेतले. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या उतरणीच्या चाकांची रचना करणाऱ्यांत ते होते. विमानाची चाके पोटात दुमडतात, तशी त्यांनी बाबागाडी छत्रीसारखी दुमडली. पहिल्या गाडीचे वजन तीन किलोहून कमी होते. गाडी हलकी झाली, बसमध्ये आणि आगगाडीत चढली, आणि दाईशिवाय राहणाऱ्या घरांतही पोहोचली. आज मराठी घरांत दिसते ती बहुधा याच वंशातली.

१९. आता मूळ प्रश्न. इतिहास वाचल्यावर त्याचे उत्तर काहीसे सोपे होते. दोघांची गाडी दोन प्रकारची. शेजारी-शेजारी बैठका असलेली गाडी कावडीच्या घराण्यातली: तोल चांगला, पण रुंदी पाऊण मीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या वाड्याचा दरवाजा किंवा बाजारगल्ली अवघड. एकामागे एक बैठका असलेली गाडी दारातून जाते, पण लांब आणि जड असते, आणि खड्ड्यात पुढचे चाक उचलायला जोर लागतो. जुळी असतील किंवा दोघांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल, तर दोघांची गाडी खरोखर उपयोगी. मोठे तीन वर्षांचे होत आले असेल, तर एकाची गाडी, मागे उभे राहायची फळी आणि एक करंगळी पुरते. जनाबाईचा नकाशा येथे अजून लागू पडतो. आणि वाट मातीची असेल, तर चाकाचा व्यास बैठकांच्या संख्येहून महत्त्वाचा. दायमाबादच्या कारागिराने हेच सांगितले असते.

२०. परंतु दुकानात विचारला न जाणारा प्रश्न अधिक मोठा आहे. गाडी घेतली नाही, तर दुसरे मूल कोणाच्या कडेवर जाणार आहे? ज्या घरात उत्तर ‘आईबाप आळीपाळीने’ असे आहे, तेथे एकाची गाडी पुरेशी आहे. ज्या घरात उत्तर ‘मोठी आहे ना’ असे आहे, तेथे शेकडो वर्षांचा इतिहास त्या मुलीच्या कमरेवर बसलेला आहे. आणि ज्या घराला कोणतीच गाडी परवडणार नाही, तेथे दोघांची गाडी म्हणजे दिवसभर उघडे असणारे पाळणाघर. २०२२ पासून केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. विकासवाडीचे आवार तिच्या आधीचे, पण तर्क तोच. अशी पाळणाघरे गावोगाव आणि फडोफडी खरोखर चालतील, तेव्हा हिंगोलीच्या मुलींची शाळा धाकट्याच्या जन्मावर ठरणार नाही.

२१. शेवटी एक विनंती. इतिहास केवळ ताम्रपटांत आणि तहनाम्यांत नसतो. आपल्या आजीला, मावशीला, आत्याला एवढेच विचारा: “तुझ्या कडेवर कोण होते, आणि तेव्हा तू कितवीत होतीस?” या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच घरांत एखाद्या इयत्तेपाशी थांबते. ती इयत्ता आणि ते गाव येथे प्रतिसादात लिहा, नाव लिहिण्याची गरज नाही. मराठवाड्याच्या इतिहासातले हे पान अजून कोणी पुरते लिहिलेले नाही, आणि ते ज्यांना ठाऊक आहे त्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत.